चहा, हाडं आणि ०.००३

आईचं मनगट मोडलं त्याला आता काही महिने झाले. तळोजा फेज दोनमधल्या आमच्या इमारतीखाली टँकर आला होता, पाइपमधून पाणी सांडलं होतं, त्यावरून पाय घसरला. तिनं हात टेकवला आणि मनगट गेलं. वय ५७. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी डेक्सा स्कॅन करायला लावला. रिपोर्टवर शब्द आला 'ऑस्टिओपीनिया'. म्हणजे हाडांची घनता तरुणपणीच्या सरासरीपेक्षा कमी, पण ऑस्टिओपोरोसिसच्या रेषेच्या अलीकडे.

त्याच आठवड्यात मावशीचा मेसेज आला. चहा हाडं पोखरतो, कॅल्शियम लघवीवाटे बाहेर काढतो, आजच बंद करा. आईनं त्याच दिवशी चहा बंद केला. आमच्या घरात चहा बंद होणं म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मग महिनाभरानं एक बातमी फिरत आली. चहा पिणाऱ्या स्त्रियांची हाडं अधिक मजबूत, ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांचं संशोधन. आईनं फोन माझ्यासमोर धरला. "आता काय करू सांग. तूच पीएचडी करतेस ना?"

माझं काम जैवरसायनशास्त्रातलं आहे, हाडांचं नाही. पण पेपर वाचता येणं ही तर आपली रोजची मजुरी. म्हणून मूळ पेपर काढला, वाचला, आमच्या जर्नल क्लबमध्ये मांडला आणि तिथं सगळ्यांसमोर चुकलेसुद्धा. तुमच्यापैकी बरेच जण 'पेट' देणार आहेत, मुलाखतीत "एखादा पेपर वाचून त्याचं परीक्षण करा" हा प्रश्न येतोच. तर हा पेपर आपण मिळून वाचू.

पेपर २०२५ मध्ये 'न्यूट्रिएंट्स' या नियतकालिकात आला. लेखक फ्लिंडर्स विद्यापीठातले, पण माहिती त्यांनी स्वतः गोळा केलेली नाही. ती अमेरिकेतल्या 'स्टडी ऑफ ऑस्टिओपोरोटिक फ्रॅक्चर्स' या जुन्या, नावाजलेल्या अभ्यासातली आहे. १९८६ पासून बाल्टिमोर, मिनियापोलिस, पिट्सबर्ग आणि पोर्टलंड या चार केंद्रांवर ६५ वर्षांवरच्या ९७०४ स्त्रियांची त्यात नोंद झाली. या सुरुवातीच्या भरतीतल्या सगळ्या गोऱ्या होत्या. त्या किती कप चहा पितात, किती कॉफी, हे त्यांनाच विचारलं गेलं, आणि हाडांची घनता यंत्रानं मोजली. सुमारे दहा वर्षांची ही माहिती आहे.

निष्कर्ष असा, की चहा पिणाऱ्यांच्या कंबरेच्या हाडाची, म्हणजे खुब्याची, घनता न पिणाऱ्यांपेक्षा थोडी जास्त. दोन-तीन कप कॉफीनं काही बिघडत नाही, पाचच्या वर गेलं तर घनता कमी दिसते. बातमीत 'थोडी' हा शब्द नव्हता. पेपरमध्ये आहे, आणि आकडाही आहे. फरक दर चौरस सेंटिमीटरला ०.००३ ग्रॅम.

हा आकडा जरा हातात धरून बघा. एकूण घनता ०.७१५ च्या आसपास, त्यात ०.००३ म्हणजे अर्धा टक्काही नाही. मी जर्नल क्लबमध्ये इथंच जोर लावला. डेक्साच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय मानक असं, की खुब्याच्या मापनात १.८ टक्क्यांपर्यंतची चूक चालवून घेतली जाते. त्यामुळे एकाच माणसाचे दोन रिपोर्ट शेजारी ठेवले, तर फरक साधारण पाच टक्क्यांच्या वर असेल तरच "खरंच बदल झालाय" असं म्हणता येतं. माझी शेवटची स्लाइड होती : फरक अर्धा टक्का, यंत्राची मर्यादा पाच टक्के, म्हणून निष्कर्ष खोटा. मला वाटलं होतं टाळ्या पडतील.

आमची एक सीनियर शांतपणे म्हणाली, "भाजीवाल्याचा काटा पन्नास ग्रॅम इकडेतिकडे दाखवतो. एक टोमॅटो त्यावर मोजून काही कळणार नाही. पण दहा हजार टोमॅटो एकेक करून मोजलेस आणि सरासरी काढलीस तर?" मी गप्प झाले. चूक जर कधी वर, कधी खाली अशी अनियमित असेल, तर नमुना वाढला की ती एकमेकींत विरून जाते. हजारो बायकांच्या सरासरीत ०.००३ चा फरक खरा असू शकतो. पाच टक्क्यांची अट एका बाईच्या दोन रिपोर्टसाठी आहे, दोन गटांच्या सरासरीसाठी नाही. मी दोन वेगळ्या प्रश्नांची मापं एकमेकांना लावली होती.

म्हणजे म्हणायला हवं होतं ते असं : फरक गटाच्या पातळीवर कदाचित खरा आहे, पण माझ्या आईच्या रिपोर्टमध्ये तो कधीच दिसणार नाही. चहा सुरू केल्यानं किंवा बंद केल्यानं तिचं पुढचं मनगट वाचेल की मोडेल, याबद्दल तो आकडा काहीही सांगत नाही. 'सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय' आणि 'माणसाच्या दृष्टीनं लक्षणीय' हे दोन वेगळे शब्दप्रयोग आहेत, हे आपण एम.एस्सी.च्या दुसऱ्या सेमिस्टरला पाठ करतो. पण मला ते त्या दिवशी कळलं.

पण माझा खरा आक्षेप ०.००३ वर नाहीच. तो कपावर आहे.

अमेरिकेतल्या त्या पिढीचा चहा म्हणजे बहुतेक गरम पाण्यात बुडवून काढलेली पिशवी. आमच्याकडचा चहा म्हणजे आलं ठेचून, साखर घालून, पावडर उकळून, वर दूध घालून पुन्हा उतू जाईपर्यंत आणलेला. दोन्हीचं नाव चहा. प्रश्नावलीत दोन्हीची नोंद 'एक कप'. पेंधर मेट्रो स्टेशनबाहेरचा कटिंग आणि घरातला मोठा मग, दोन्ही 'एक कप'. पेपर वाचताना पद्धतीच्या भागात पहिल्यांदा हे शोधा, की ज्या गोष्टीचा परिणाम मोजलाय ती गोष्ट नेमकी काय होती. तुमच्या विषयात चहा नसेल, पण तुमच्याकडेही असा एक 'कप' असणारच.

दूधवाल्या चहावर अभ्यास नाहीत असं नाही. इंग्लंडमध्ये, केंब्रिजला, ६५ ते ७६ वयाच्या १२५६ स्त्रियांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. तिथंही चहा पिणाऱ्यांची घनता कण्यात आणि खुब्याच्या काही भागांत पाचेक टक्क्यांनी जास्त आढळली, आणि चहात दूध घालतात की नाही यानं निष्कर्ष बदलला नाही. पाच टक्के हा आकडा दमदार. पण जरा गट बघा : चहा पिणाऱ्या ११३४, न पिणाऱ्या १२२. इंग्लंडात साठी ओलांडलेली आणि चहा न पिणारी बाई कोण असेल? तळोज्यात कोण असतं? आमच्या मजल्यावर चहाला नाही म्हणणारी तीन माणसं आहेत. एकाला अॅसिडिटी, एकीला डॉक्टरांनी साखर बंद केलीय म्हणून चहाच नको असं तिचं गणित, आणि तिसरी माझी आई, जिचं मनगट मोडलंय. चहा न पिणारे हे 'सामान्य माणूस वजा चहा' नसतात. त्यांनी चहा का सोडला, त्या कारणातच बरंचसं उत्तर दडलेलं असू शकतं.

आता जानेवारीत कोणी सर्वेक्षणवाला आमच्या दारात आला असता तर काय लिहून गेला असता? स्त्री, ५७ वर्षं. चहा : शून्य कप. घनता : कमी. म्हणजे माझी आई 'चहा न पिणाऱ्यांची हाडं कमजोर' या निष्कर्षाच्या बाजूनं एक मत टाकून मोकळी झाली असती. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. आधी हाड मोडलं, मग चहा सुटला.

हीच गंमत दुधाच्या बाबतीत जास्त गंभीर होते. २०१४ मध्ये 'बीएमजे'त स्वीडनमधला एक प्रचंड अभ्यास आला, ६१,४३३ स्त्रिया आणि ४५,३३९ पुरुष. जास्त दूध पिणाऱ्या स्त्रियांमध्ये फ्रॅक्चर कमी नव्हते, उलट खुब्याचे जास्त दिसले. त्यावर जगभर गदारोळ झाला. लेखकांनी स्वतःच सावधपणे वाचायला सांगितलं होतं, कारण ज्यांना हाडांची भीती आहे त्याच जास्त दूध पीत असतील ही शक्यता उरतेच. आईला फ्रॅक्चरनंतर शेजारच्या काकूंनी पहिला सल्ला काय दिला असेल ओळखा. रोज दोन ग्लास दूध. बघा, दुधाच्या विरोधातही तिचं एक मत पडलं.

कोल्ड्रिंकबद्दल थोडक्यात, कारण विचारणारे विचारतातच. २००६ चा फ्रॅमिंगहॅमचा अभ्यास सांगतो, की रोज कोला पिणाऱ्या स्त्रियांमध्ये खुब्याची घनता कमी होती, पुरुषांमध्ये नव्हती, आणि कोला सोडून इतर फसफसणाऱ्या पेयांत तसा संबंध दिसला नाही. म्हणजे दोष बुडबुड्यांचा नाही. फॉस्फोरिक आम्ल, कॅफीन, की कोलानं ताटातून ढकललेलं दूध-ताक, यावर वाद आहे. मला तिसरं कारण जास्त पटतं. पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे.

आता त्या जर्नल क्लबमधला दुसरा प्रश्न. पहिल्यानं मी फक्त ओशाळले होते, याच्यापुढे माझ्याकडे उत्तरच नव्हतं.

लॅबमधला एक मित्र पांढरकवड्याचा आहे, यवतमाळ जिल्ह्यातला. तो सहसा बोलत नाही. शेवटी म्हणाला, "घनता जास्त म्हणजे हाड चांगलं, हे तुम्ही सगळ्यांनी धरून चाललात. आमच्याकडे काही गावांत म्हाताऱ्यांच्या हाडांची घनता भरपूर असते. त्यांना मान वळवता येत नाही."

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइडचं प्रमाण जास्त आहे. भारतीय मानक लिटरला १ मिलिग्रॅम सांगतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतं. त्याच्या बरंच वरचं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं, तर आधी मुलांचे दात डागाळतात, मग मोठ्यांची हाडं. फ्लोराइड हाड तयार करणाऱ्या पेशींना चेतवतं आणि हाडाच्या स्फटिकातल्या हायड्रॉक्सिलची जागा घेतं. हाड दाट होतं, एक्स-रेवर पांढरंशुभ्र दिसतं, सांध्यांजवळचे बंध कडक होतात. आणि ते हाड ठिसूळ असतं. भारतात याची पहिली शास्त्रीय नोंद १९३७ ची, तेव्हाच्या मद्रास इलाख्यातली. पाण्यातलं फ्लोराइड काढायची 'नलगोंडा पद्धत' आपल्या नागपूरच्या 'नीरी'नं विकसित केली. हे सगळं आपल्या घरातलं विज्ञान आहे. आणि मी मात्र हाडांवरच्या चर्चेत 'रोजचं पेय' म्हटल्यावर चहा-कॉफी-कोला मोजत बसले होते, पाणी विसरून.

तुम्ही म्हणाल, हा टोकाचा प्रकार झाला. तर मग मेयो क्लिनिकच्या रिग्ज आणि सहकाऱ्यांची चाचणी वाचा, १९९० ची, 'न्यू इंग्लंड जर्नल'मधली. ती मी प्रत्येक ज्युनियरला वाचायला लावते. ऑस्टिओपोरोसिस असलेल्या २०२ स्त्रिया, चार वर्षं. सगळ्यांना कॅल्शियम, निम्म्यांना त्याबरोबर रोज ७५ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड. फ्लोराइडच्या गटात कण्याची घनता ३५ टक्क्यांनी वाढली. पस्तीस! आपण ०.४ टक्क्यावर बोलत होतो. मणक्यांचे फ्रॅक्चर त्यामुळे लक्षणीय कमी झाले का? नाही. आणि मणके सोडून इतर हाडांचे फ्रॅक्चर फ्लोराइडच्या गटात ७२, दुसऱ्या गटात २४.

यंत्रावरचा आकडा सुधारला आणि माणसं जास्त मोडली. आपण जे मोजतो ते बहुतेक वेळा ज्याची काळजी आहे त्याचं प्रतिनिधी असतं. घनता ही हाड न मोडण्याची प्रतिनिधी, आणि एरवी बरी प्रतिनिधी, नाहीतर डॉक्टरांनी डेक्सा सांगितलाच नसता. पण प्रतिनिधी कधी कोणत्या बाजूनं बोलेल याचा भरवसा नाही, विशेषतः ज्या पदार्थामुळे हाडाची जातच बदलते त्याच्या बाबतीत. आणि आता परत चहाकडे या. चहाचं झाड जमिनीतलं फ्लोराइड पानात साठवतं, जून पानांत जास्त. २०१३ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्येच मिशिगनमधल्या ४७ वर्षांच्या एका बाईची नोंद आहे. सतरा वर्षं ती रोज १०० ते १५० टी-बॅग घालून केलेला चहा पीत होती, आणि तिला हाडांचा फ्लोरोसिस झाला. माझी आई कितीही चहाबाज असली तरी त्या वाटेला जाणार नाही, तेव्हा घाबरू नका. सामान्य चहा पिणाऱ्याला यातून धोका आहे असं मी म्हणत नाहीये. मी एवढंच विचारतेय, की चहा पिणाऱ्यांच्या घनतेत किंचित वाढ दिसली, तर ती चांगल्या हाडाची की नुसत्या दाट हाडाची, हे फक्त डेक्सावरून कसं ठरवायचं? त्यासाठी फ्रॅक्चर मोजायला लागतात. ज्या मूळ अभ्यासाच्या नावातच 'फ्रॅक्चर' आहे, त्याच्या माहितीवरचा पेपर मथळ्यात घनता घेऊन येतो, ही गोष्ट मला अजून खटकते.

लेखकांवर मात्र अन्याय नको. त्यांनी स्वतःच सांगितलंय, की यावरून कॉफी सोडू नका आणि चहाचे पिंप रिचवू नका. वजन, मद्यपान अशा गोष्टींनी परिणाम बदलतो का हेही तपासलंय. पेपर प्रामाणिक आहे. त्याच्याकडून जे वदवून घेतलं गेलं ते प्रामाणिक नाही.

मग चांगला पुरावा कसा दिसतो? फार लांब जायला नको. पुण्यातल्या हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेच्या गटानं २०११ मध्ये एक छोटी चाचणी प्रसिद्ध केली. गरीब वस्तीतली ६० लहान मुलं, चिठ्ठ्या टाकल्यासारखे यादृच्छिक दोन गट. दोघांना लाडू. एका लाडवात कॅल्शियम भरपूर, दुसऱ्यात कमी. ड जीवनसत्त्व दोघांना. वर्षभरानं जास्त कॅल्शियमवाल्या गटात हाडांतल्या खनिजाची वाढ जास्त. इथं 'एक लाडू' म्हणजे काय, हे नेमकं ठाऊक आहे, कारण तो त्यांनीच वळलाय. कोणी लाडू का सोडला, हा प्रश्नच उरत नाही. नमुना लहान आहे, मुलं लहान आहेत, आईला ते लागू पडत नाही, हे सगळं खरं. तरी मुलाखतीत "निरीक्षण आणि प्रयोग यांतला फरक सांगा" म्हटलं, तर मी अमेरिका सोडून हा लाडू सांगेन.

राहिला आईचा प्रश्न, जो पेपरमध्ये नाहीच. चहा बंद झाल्यावर ती काय प्यायला लागली? सकाळी लिंबूपाणी, दुपारी ग्रीन टी. ग्लासभर दूध तिला आयुष्यात कधी आवडलं नाही, काकूंचा सल्ला चार दिवस टिकला. म्हणजे तिच्या दिवसातलं जवळजवळ सगळं दूध चहातूनच येत होतं. दिवसाचे चार चहा, प्रत्येकात माझ्या अंदाजानं ५० मिली दूध, एकूण २०० मिली. शंभर मिली दुधात साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम, म्हणजे दिवसाला २४०. आयसीएमआरनं प्रौढांसाठी २०२० मध्ये दिवसाला १००० मिलिग्रॅम सांगितलंय. (२०१० मध्ये ते ६०० होतं. हाडं तीच, आकडा बदलला, यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.) आणि कॅफीनमुळे जे कॅल्शियम कमी शोषलं जातं, ते ओमाहाच्या रॉबर्ट हीनी यांच्या हिशेबानं एका कपामागे चमचा-दोन चमचे दुधात भरून निघतं. मोठे चमचे, पण चमचेच. हाडं वाचवायला आईनं चहा सोडला आणि गरजेच्या जवळजवळ पाव हिश्शाचं कॅल्शियम त्याच्याबरोबर बेसिनमध्ये ओतलं.

मी तिला हे गणित कागदावर मांडून दाखवलं. नाचणीचं आंबीलही सुचवलं. तीसेक ग्रॅम पिठातून शंभरावर मिलिग्रॅम मिळतं, फायटेटमुळे शोषण कमी होत असलं तरी आंबवल्यानं ते थोडं सुधारतं. त्यावर ती म्हणाली, आंबील उन्हाळ्यात. गोळ्या, ड जीवनसत्त्व, पुढची तपासणी हे तिचे डॉक्टर बघतायत, ते माझं काम नाही. चहा मात्र त्याच संध्याकाळी सुरू झाला, साखर निम्मी.

माझा ५० मिलीचा अंदाज बरोबर आहे का, हे बघायला मी तिला औषधाच्या मापानं दूध मोजून वहीत लिहायला सांगितलं, आठवडाभर. तीन दिवसांच्या नोंदी नीट आहेत : ५५, ४०, ६० अशा. चौथ्या दिवशी मावशी आली. त्या पानावर फक्त 'पाहुणे' असं लिहिलंय.